मेलेला सुपरमॅन पुन्हा वाचताना
‘कॉमिक्समधले सुपरहिरो मरतात नि परत येतात, मग वाचायचं कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप मान्य. मीही त्याच वैतागाने कॉमिक्स सोडली होती. १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं आणि पुढच्याच वर्षी परत आणलं, चक्क फसवणूक वाटली होती.

परवा तेच अंक पुन्हा काढले. आधीच्या तीन अंकांत पानावर चार, मग तीन, मग दोन चौकटी. मृत्यूच्या अंकात पानभर एकच चित्र. मरण जवळ येतं तशी चौकट मोठी होत जाते! तेव्हा हे लक्षातच आलं नव्हतं, नुसती हाणामारी बघायचो. कथा बेतासबात, संवाद तर विचारूच नका. तरी शेवटचं पान उलटताना हात थबकला. आता बॅटमॅनचे जुने अंक शोधतोय.