इंग्रजी कादंबरी लिहून झाली, आता एजंट कुठे शोधायचा?

ऐरोली_सेक्टर_आठ

नमस्कार मंडळी. पहिली कादंबरी पूर्ण झाली आहे, इंग्रजीत, 1,42,000 शब्द. घणसोलीतलं आगरी कुटुंब, नवी मुंबई वसवताना सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आणि त्यावरून फाटलेले दोन भाऊ. आजवर माझं कुठेच काही छापून आलेलं नाही. वाशीत एकांनी स्वतःला लिटररी एजंट म्हणवत वाचन-संपादनाचे मिळून 18,000 रुपये आगाऊ मागितलेत. हे असंच असतं का? आणि कादंबरी मराठीत केली तर तिथे एजंट मिळेल का?

राममारुती_रोड

आधी त्या 18,000 चं. देऊ नका. एजंट, म्हणजे तुमचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ, कमिशनवर जगतो: तुम्हाला प्रकाशकाकडून जे मिळेल त्यातले साधारण 15 टक्के, परदेशी आणि अनुवादाच्या हक्कांवर 20 च्या आसपास. पुस्तक विकलं गेलं नाही तर त्याला काहीच नाही. ज्याची कमाई तुमच्या खिशातून आधीच झाली, तो प्रकाशकाच्या मागे कशाला लागेल? ब्रिटन-अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटना आपल्या सभासदांना वाचनाचे पैसे घेऊ देत नाहीत. आपल्याकडे काही एजन्सी संपादनाची सशुल्क सेवा वेगळी देतात, त्यात गैर काही नाही. पण 'ती घेतली तरच तुमचं पुस्तक हाती घेऊ' म्हणाले की उठून या.

नावं शोधायला सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे पुस्तकाचं ऋणनिर्देशाचं पान. गेल्या चार-पाच वर्षांतल्या, तुमच्या जातकुळीच्या आठ-दहा भारतीय इंग्रजी कादंबऱ्या दुकानात चाळा. लेखक एजंटचे आभार बहुतेक वेळा नावानिशी मानतात. सियाही (जयपूर), रेड इंक आणि राइटर्स साइड (दोन्ही दिल्ली) ही त्यातली परिचित नावं. कोण काय घेतं, सध्या नवीन हस्तलिखितं पाहतात का, हे ज्याच्या त्याच्या वेबसाइटवर वाचूनच पाठवा. काहींना पहिली तीन प्रकरणं लागतात, काहींना ठरावीक पानं. सूचना न वाचता पाठवलेली मेल तिथेच बाद होते.

आणि 1,42,000 शब्द फार झाले. पहिल्या साहित्यिक कादंबरीला 80,000 ते 1,00,000 ही सोयीची मर्यादा. आकडा पाहूनच 'संपादन झालेलं नाही' असा ग्रह होतो. कात्री आधी लावा, मेल नंतर.

मुद्रितांचा_गठ्ठा

वरच्याशी सहमत. मी फक्त पत्राबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के लोक तिथेच घसरतात.

एजंटला जाणारं पत्र एका पानाचं, 300 शब्दांच्या आतबाहेर. 'नात्यांची गुंतागुंत उलगडणारी, काळजाला भिडणारी कादंबरी' यातून त्याला काहीच कळत नाही. कोण, त्याला काय हवंय, आड काय येतं, हे हवं. तुमच्या बाबतीत: 'शहरासाठी गेलेल्या भातशेतीच्या बदल्यात घरातल्या दोन भावांना एकच प्लॉट मिळतो. थोरल्याला तो बिल्डरला द्यायचाय. धाकट्याने त्यावर आधीच कर्ज उचललंय.' तीन वाक्यांत पेच उभा राहिला. साडेबारा टक्के म्हणजे काय हे ठाण्यापासून उरणपर्यंत कुणाला सांगावं लागत नाही, पण दिल्लीतल्या एजंटला लागेल. म्हणून अर्थ वाक्यातच मुरवायचा, सिडकोचा इतिहास सांगत बसायचं नाही. मग शब्दसंख्या, प्रकार, अलीकडच्या दोन जवळपासच्या कादंबऱ्या आणि स्वतःबद्दल दोन ओळी. छापून आलेलं नसेल तर ते सांगायचीही गरज नाही, आणि शाळेतल्या निबंधस्पर्धा तर नकोतच. त्या भागात वाढला असाल तर ते मात्र जरूर लिहा.

सारांश वेगळा, एक-दोन पानांचा, शेवटासकट. 'पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा' हे मलपृष्ठावर शोभतं. कथानक शेवटपर्यंत टिकतं का, हेच एजंटला तपासायचं असतं. नमुना प्रकरणं पहिल्यापासून सलग द्या. 'सातवं सर्वात रंगलंय' असं वाटत असेल तर पहिली सहा पुन्हा लिहा. साधा फाँट, 12 पॉइंट, दोन ओळींत दुप्पट अंतर, पानाला क्रमांक.

ऐरोली_सेक्टर_आठ

खूप आभार! वाशीला नकार कळवतो. एकाच वेळी अनेकांना पाठवलं तर चालतं का?

मुद्रितांचा_गठ्ठा

चालतं, समोरच्याने एकट्यालाच पाठवायची अट घातली नसेल तर. पण प्रत्येकाला स्वतंत्र मेल. एका मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते टाकले की संपलं. पाच-सहा जणांची एक फेरी करा, दोन-तीन महिने थांबा. सगळीकडून शुकशुकाट असेल तर दोष बहुधा पत्रात. प्रकरणं मागवून मग नकार येत असेल तर पानांत. सगळ्यांना एकदमच पाठवलंत तर ही दुरुस्ती करायला कुणी उरत नाही.

खारघर_टेकडी

मराठीचं सांगतो. मराठीत एजंटची पद्धत रुजलेलीच नाही, हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं. छोट्या आवृत्तीच्या रॉयल्टीतून 15 टक्के काढले तर एजंटचा चहा सुटेल, इतकंच. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फाँटमधली फाइल उघडली की जोडाक्षरांचा चुराडा होतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

करार एजंटशी असो वा प्रकाशकाशी, मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. एजंटच्या करारात आणखी एक पाहा: नोटीस देऊन बाहेर पडता येतं का, आणि त्यानंतर कमिशन फक्त त्याने जमवलेल्या व्यवहारांवरच राहतं ना. 'लेखकाच्या यापुढील सर्व लेखनावर' असं कलम दिसलं तर ते खोडायला लावा, मगच सही.