वर्षभर डोळ्यांचं काही ना काही चालूच असतं, नेमकी काळजी कशी घ्यायची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

वय ४३. दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटर, मग घरी मोबाइल. माझ्या डोळ्यांचं वेळापत्रकच ठरलंय. थंडीत वाळू गेल्यासारखं टोचतं आणि गंमत म्हणजे तेव्हाच पाणीही वाहतं, ऑफिसात विचारतात की रडलीस का. ऊन वाढलं की खाज, इतकी की दोन्ही मनगटांनी चोळत बसते. पावसाळ्यात घरात कुणाचे तरी डोळे येतात आणि दोन-तीन दिवसात माझेही येतात, कधी चुकलं नाही.

दरवेळी वेगळे थेंब मिळतात, बरं वाटलं की उरलेली बाटली ड्रॉवरमध्ये. आज मोजल्या तर सात निघाल्या. या वर्षी खाज सुरू झाली तेव्हा डॉक्टरांकडे जायचा कंटाळा केला आणि गेल्या वर्षीची एक बाटली काढली, दोन दिवसात डोळे पांढरेस्वच्छ. मग काय, जरा लाल दिसले की टाक थेंब, संपली की मेडिकलमधून तीच आण, असं जवळजवळ दोन महिने चाललं. काल सहज बाटलीवरचं बारीक नाव वाचायला मोबाइलने फोटो काढून मोठा केला (चाळिशी लागलीये हे वेगळं सांगायला नको) तर डेक्सामेथासोन. शोधलं तर स्टिरॉइड. आणि माझ्या बाबांना काचबिंदू आहे. तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

तर विचारायचं असं की हे थेंब लगेच बंद करू का, आणि एकूणच वर्षभर डोळ्यांचं काय काय सांभाळायचं असतं? चष्म्याचा नंबर दरवर्षी दुकानात तपासून घेते, तेवढं पुरत नाही का? नजर तशी चांगली आहे हो.

---

प्रतिसाद:
घाबरू नका पण उद्याच डॉक्टर गाठा, रविवार बघत बसू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं (त्याने डोळ्याची नस खराब होऊन काचबिंदू होऊ शकतो) आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांच्यात ही शक्यता जास्त. फार काळ चालू राहिले तर मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. बंद कसे करायचे तेही त्यांनाच विचारा, बरेच दिवस घेतल्यावर कधी कधी हळूहळू कमी करत आणावे लागतात. आणि जाताना सातही बाटल्या पिशवीत घालून घेऊन जा, नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

---

प्रतिसाद:
"नजर चांगली आहे" यावर जाऊ नका ही कळकळीची विनंती. काचबिंदूत आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. शिवाय एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा भरून काढतो आणि मेंदूही रिकाम्या जागा आपल्याआपण रंगवून टाकतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेलं परत येत नाही. नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे, नंबर शून्य असलेल्या माणसालाही काचबिंदू असू शकतो. प्रेशर बघायला हवं आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी आतली नस बघायला हवी, त्यासाठी बहुतेक वेळा बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. मी गेले होते, येताना रिक्षा, स्कूटर तिथेच. चाळिशीनंतर आणि त्यात घरात काचबिंदू असेल तर हे वर्षातून एकदा करायचंच, आणि डायबेटीस असेल तर वय कितीही असो, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) दरवर्षी तपासून घ्यायचा.

---

प्रतिसाद:
सोपं सांगू का, एक ब्लू कट चष्मा (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा) घ्या, माझा सगळा त्रास गेला.

---

प्रतिसाद:
वरच्या दादांना बरं वाटलं असेल तर आनंद आहे पण २०२३ साली कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणारी संस्था) याच्यावर झालेले १७ अभ्यास एकत्र तपासले होते, स्क्रीनमुळे येणारा थकवा त्या काचांनी कमी होतो असं काही त्यात दिसलं नाही. खरा घोळ पापण्यांचा आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे बघताना त्याच्या निम्म्यावर येतो आणि ती पण अर्धवट मिटतो. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा म्हणतात ते ठीक, पण त्यावेळी चार-पाचदा डोळे पूर्ण घट्ट मिटून उघडा, त्याने जास्त फरक पडतो. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली आणा म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. पंख्याचा, एसीचा किंवा हीटरचा झोत तोंडावर नको.

आणि ते टोचणं प्लस पाणी म्हणजे कोरडेपणाच वाटतोय. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, ते तेल नीट आलं नाही की अश्रू भराभर उडून जातात, डोळा चिडतो आणि मग एकदम धो धो पाणी सोडतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवायचा, रोज, महिनाभर तरी. दोन दिवस करून "काही झालं नाही" म्हणू नका.

---

प्रतिसाद:
खाजेबद्दल राहिलं. चोळू नका, चोळू नका, चोळू नका. खाज येते तेव्हा थंड पाण्याची पट्टी ठेवा. सतत चोळण्याचा संबंध केरॅटोकोनसशी आहे, त्यात समोरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. माझ्या भावाला कॉलेजात असताना झालं, लहानपणापासून डोळे चोळायचा, घरात सगळे हसायचे.

गॉगल घेणार असाल तर रंग किती गडद ते बघू नका, यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरणं अडवणारी काच) लिहिलेलं बघा. नुसती काळी काच वाईटच, अंधारात बाहुली मोठी होते आणि अतिनील किरणं उलट जास्त आत जातात.

---

प्रतिसाद:
डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघून डोळे येत नाहीत हे आधी घरच्यांना समजवा, आमच्याकडे आईने मला आठवडाभर काळा चष्मा लावून बसवलं आणि टॉवेल मात्र सगळ्यांचा एकच. तो हातातून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्र्यातून पसरतो. बहुतेक वेळा व्हायरस असतो, त्याला अँटिबायोटिक थेंब काही करत नाहीत, एक-दोन आठवड्यात आपला आपण जातो. पण नुसतं लाल आणि चिकट नसून आत दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर ते "डोळे आलेत" समजून घरी बसायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्याने तर लाल झाल्याबरोबर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. तसंच अचानक विजा चमकल्यासारखं, खूप काळे ठिपके, कडेने पडदा ओढल्यासारखं, असं काहीही झालं तर त्याच दिवशी पळा, आतला पडदा (रेटिना) सरकलेला असू शकतो.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, एकेकाला वेगळं लिहीत नाही. जाऊन आले. प्रेशर उजव्या डोळ्यात २४, डाव्यात २२ (२१ पर्यंत नॉर्मल धरतात म्हणे). नस सध्या ठीक दिसतेय, फील्ड टेस्टही (कडेपर्यंत किती दिसतं ते बघणारी) केली, त्या पांढऱ्या गोलात डोकं घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं, मला तर मधेच झोप येत होती. बटण दाबायचं राहिलं म्हणून आंधळी ठरते की काय ही भीती वेगळीच. तिथल्या ताई म्हणाल्या सगळ्यांना तसंच वाटतं. स्टिरॉइड बंद, त्याने वाढलेलं प्रेशर बहुतेक वेळा काही आठवड्यात उतरतं म्हणाले, महिन्याने परत बोलावलंय. खाजेसाठी वेगळे थेंब दिलेत, कोरडेपणासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. सातपैकी पाच बाटल्या डॉक्टरांनी समोरच डस्टबिनमध्ये टाकल्या, बहुतेक बाटल्या उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकायच्या असतात हे मला आज कळलं, माझी सर्वात जुनी तीन वर्षांची होती.

आता एक नवीनच उपप्रश्न. घरी येऊन उत्साहात बाबांना विचारलं तुम्ही थेंब कसे घालता ते दाखवा. त्यांना दोन वेगळे थेंब आहेत, ते एकामागोमाग एक धडाधड घालतात, प्रत्येकाचे तीन-तीन, वर डोळे मिचकावतात आणि लगेच पेपर वाचायला बसतात. बाटली महिना पुरत नाही म्हणून कुरकुर वेगळी. मला डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकच थेंब पुरतो, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्यायची, आणि घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा म्हणजे औषध नाकात उतरत नाही. हे सगळं बाबांना सांगितलं तर म्हणाले मी अकरा वर्षं घालतोय, तू आजच तपासून आलीस. कुणाच्या घरी असं कुणी आहे का? कसं पटवलंत?

---

प्रतिसाद:
आमचे अण्णा तसेच. मी सांगून थकलो, शेवटी पुढच्या तपासणीला सोबत गेलो आणि डॉक्टरांनाच म्हटलं, यांना तुमच्यासमोर एक थेंब घालायला सांगा. तो गालावर पडला.