प्रतिसाद: सिरप घट्ट का होतं?

सोड्यात घालायला घरी केलेलं फळांचं सिरप गार झाल्यावर जेलीसारखं का होतं, असा प्रश्न होता. फळातलं पेक्टिन (जेली घट्ट करणारा नैसर्गिक घटक), आम्ल आणि साखर एकत्र फार वेळ उकळली की ते होणारच. स्ट्रॉबेरीसारख्या मऊ फळांना तर गॅसच नको. चिरलेल्या फोडींना त्यांच्या वजनाइतकी साखर लावून रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेवा. साखर रस ओढून घेते. सकाळी गाळा, पण फोडी पिळू नका, सिरप गढूळ होतं. वास ताज्या फळाचा राहतो, मुरंब्याचा नाही. (मला तरी तोच हवा असतो.) मात्र न उकळलेलं सिरप फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. ग्लासात आधी सिरप, मग बर्फ, शेवटी कडेने हळू सोडा ओता. सोड्यात वरून सिरप ओतलंत तर फेस उतू जातो. उरलेल्या फोडी दह्यात घाला, फेकताय कसल्या!