देवाला भिंतीवर पहारेकरी करू नका

महालकर:
आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुंपणाच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर टाइल्स बसवल्यात. गणपती, साईबाबा, येशू, मक्का, सगळे एका ओळीत. कारण एकच, कुणी खर्रा थुंकू नये, लघवी करू नये. देवाचा असा वापर मला सहन होत नाही.

बाकीच्या भिंतींवर झाड, पुस्तक घेतलेली मुलगी आणि वारली. वारली सुंदरच, पण ती पालघरकडची. आपलं नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहानं.

आपल्याकडे रस्त्यावरची खरी कला मारबत, म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या, म्हणजे टीका करणारा पुतळा, मिरवतात. धर्म आणि समाज दोन्ही त्यात आले. ते भिंतीवर का येत नाही?

जिन्यावाला:
दादा, आमच्या जिन्याचे कोपरे लाल झाले होते. टाइल्स लावल्या, थुंकणं थांबलं. रोज पुसणाऱ्या बाईला विचारा, ती काय म्हणते.

महालकर:
थांबलं नाही, चार पावलं पुढं सरकलं. आमच्याकडे एक टाइल निखळून नालीत पडली. देवाचा चेहरा चिखलात, आणि उचलायला कुणी हात लावेना. मुतारी मागा ना, मुतारी!

इंदोऱ्याची:
सगळ्या भिंती एका मापानं मोजू नका. आमच्या वस्तीत निळ्या भिंतीवर बुद्ध, अशोकचक्र, बाबासाहेब. 14 एप्रिलच्या आधी पोरं वर्गणी काढून रंग देतात. तोच तो चेहरा काहून, असं लोक विचारतात. ज्यांना शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात धम्म घेतला. तो चेहरा म्हणजे आमचा पत्ता आहे. तो कुणाला थुंकू नको म्हणायला काढलेला नाही.

महालकर:
हे मान्य, ताई. मी वस्तीची भिंत आणि जिन्याची टाइल यांत फरक करायला हवा होता.

इंदोऱ्याची:
आणि बडग्याचं म्हणाल, तर तो त्याच दिवशी जळतो, म्हणून त्याला बोलू देतात. भिंतीवरचं रोज दिसतं, त्याला मालकाची परवानगी लागते. म्हणून तिथं झाडच उगवतं.

जिन्यावाला:
मग महागाईचा बडग्या कुणाच्या भिंतीवर काढायचा?

इंदोऱ्याची:
आमच्या विहाराची मागची भिंत रिकामी आहे. पोळ्याआधी बडगे बनवणाऱ्या पोरांना घेऊन या. मात्र काय काढायचं ते वस्तीतल्या बाया ठरवतील.