पवना धरण: काठावरून पाण्याखालच्या जागा कशा ओळखायच्या?

चिंचवडचा गळवाला:
नमस्कार मंडळी. सुट्टीच्या दिवशी पवनेला जातो. स्पिनिंग रॉड आहे, होडी नाही, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) घ्यायचा नाही. धरण भरलं की सगळीकडे सारखंच पाणी दिसतं. रोहू, मृगळ नेमके कुठे थांबतात?

ओढ्याकाठचा:
दादा, याचं उत्तर मे महिन्यात मिळतं. पाणी उतरून एरवी धरणात बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं, त्या दिवसांत रॉड घरी ठेवा आणि काठाकाठानं पायी फिरा. शेतांचे जुने बांध, ओढ्यांची पात्रं, खडकांच्या रांगा, झाडांचे बुंधे, सगळं उघडं पडलेलं असतं. प्रत्येक जागेची फोनवर पिन टाका. शिवाय काठावरचं एखादं मोठं झाड आणि त्यामागचं डोंगराचं टोक एका रेषेत धरून फोटो काढा, कारण ऑगस्टमध्ये त्या जागेवर पुरुष-दीड पुरुष पाणी असणार आणि गळ कुठल्या रोखानं टाकायचा हे त्या रेषेवरूनच कळतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा ओढा जुन्या नदीपात्राला मिळतो त्या जागेवर. मासे सकाळ-संध्याकाळ उथळावर चरायला येतात, ऊन चढलं की पात्राच्या खोलात उतरतात, आणि जायची-यायची वाट ओढ्यातूनच असते. मृगळ तळाशी चरतो, रोहू मधल्या थरात, कटला वर. म्हणजे जागा एकच असली तरी आमिष किती खोल ठेवायचं ते वेगवेगळं. काठालगतच्या मातीत बशीसारखे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीची घरटी. तेवढंच उथळ पाणी आणि तशीच माती पुढेही शोधायची.

मे निघून गेला असेल तर गूगल अर्थवर उन्हाळ्यातली जुनी उपग्रहचित्रं बघा. ओढे स्पष्ट दिसतात.

शिसंवाला:
आणि धरण भरल्यावर तळ चाचपायचा असेल तर गळ न लावता नुसतं वीसेक ग्रॅमचं शिसं फेका. दोरी ताणून ठेवा आणि तळाला टेकेपर्यंत आकडे मोजा. मग हळूहळू ओढा. खडीवर टकटक हाताला कळते, गाळात शिसं जड येतं. ओढताना मध्येच दोरी सैल पडली की तिथे उतार. ब्रेडेड (विणलेली) दोरी ओढल्यावर फारशी लांबत नाही, त्यामुळे हे सगळं नीट जाणवतं.

चिंचवडचा गळवाला:
फारच उपयोगी, आभार! मरळ पण याच जागांवर?

ओढ्याकाठचा:
नाही, मरळ काठच्या गवतात, पाणवनस्पतीत. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा दिसते. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर त्याखाली आई-बाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यांना उचललं की सगळी पिल्लं जातात.

जाण्याआधी त्या भागात मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते गावात विचारा, परवानगी घ्या. आणि मे महिन्यात फिरताना हातात काठी ठेवा. वरून सुकलेल्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो.