विषय: चार कॅमेऱ्यांचे फोटो, तारखेनुसार एकदम नावं बदलायची आहेत

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या फोटोसंग्रहाचं काम या वर्षी माझ्याकडे आहे. चौघांनी आपापल्या कॅमेऱ्यातले फोटो दिले. सगळे एका फोल्डरमध्ये टाकायला गेले, तर डीएससी_0412 नावाच्या दोन फाइली निघाल्या आणि कॉम्प्युटर विचारतोय, जुनी काढून नवी ठेवू का? फोटो काढल्याची तारीख-वेळ हेच नाव सगळ्यांना एका फटक्यात देता येईल का? हाताने एकेक करत बसणं शक्य नाही.

– संग्रह समिती

---

पुन्हा: चार कॅमेऱ्यांचे फोटो

ताई,

कॉम्प्युटरच्या त्या प्रश्नाला आधी ‘नाही’ म्हणा. मूळ फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा फोल्डर वेगळाच राहू द्या.

कॅमेरा नावात चारच आकडे देतो, 9999 नंतर पुन्हा 0001. त्यामुळे नावं एकमेकांशी जुळणारच. खरी वेळ फाइलच्या आत, एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फोटोसोबत आपोआप साठवतो त्या नोंदींत, लिहिलेली असते. त्यातली ‘डेट टाइम ओरिजिनल’ ही नोंद घ्या. फोल्डरमध्ये दिसणारी ‘मॉडिफाइड’ तारीख अजिबात घेऊ नका, फोटो जरा फिरवून सेव्ह केला तरी ती बदलते.

मी एक्झिफटूल वापरतो. फिल हार्वे यांनी 2003 मध्ये आणलेला हा प्रोग्राम फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. कमांड टाइप करायच्या नसतील तर डिजिकॅम या फोटो सांभाळायच्या प्रोग्राममध्येही हे काम होतं. नाव असं ठेवा: 2019-10-12_184503_0412. वर्ष आधी आलं की नुसत्या नावावरून फोटो क्रमाने लागतात. शेवटी कॅमेऱ्याचा जुना नंबर राहू द्या, कारण एका सेकंदात तीन-चार फोटो निघतात आणि मूळ फाइल शोधायलाही तो लागतो. एक्झिफमध्ये वेळ 18:45:03 अशी असते, पण विंडोज फाइलच्या नावात कोलन घेत नाही, म्हणून तो गाळायचा.

पण नावं बदलण्याआधी घड्याळं तपासा, सगळं यश त्यावर आहे. एकाचा कॅमेरा उन्हाळी वेळेवरच (एक तास पुढे) राहिलेला असतो, दुसऱ्याचा सात मिनिटं मागे. तसंच नाव दिलंत तर पाहुण्यांचं भाषण आधी आणि स्वागत नंतर असा क्रम लागेल. चौघांनीही टिपलेला एक क्षण शोधा, समजा चषक हातात देतानाचा. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून लागतं, म्हणून त्याच क्षणाच्या फोनवरच्या फोटोची वेळ प्रमाण धरा. फोनमध्ये 18:52:10 आणि कॅमेऱ्यात 19:52:40 असेल, तर त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंतून एक तास तीस सेकंद वजा करायचे. एक्झिफटूल अख्ख्या फोल्डरची वेळ अशी एकदम सरकवतो. म्हणूनच फोल्डर वेगळे ठेवायला सांगितले.

पुढच्या कार्यक्रमाला प्रत्येकाने सुरुवातीला फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढावा, सेकंद दिसतील असा. मग फरक थेट वाचता येतो.

आणि एक्झिफटूलमधलं ‘टेस्टनेम’ वापरून आधी नवी नावं नुसती पाहून घ्या. त्यात एकही फाइल बदलत नाही.

– माजी सचिव

---

पुन्हा: पुन्हा: चार कॅमेऱ्यांचे फोटो

काका, मनापासून आभार. चषकाचा फोटो चारही ठिकाणी सापडला! दोन गोष्टी राहिल्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत तारीखच दिसत नाही. आणि व्हिडिओ भलत्याच वेळेला लागलेत.

– संग्रह समिती

---

पुन्हा: पुन्हा: पुन्हा: चार कॅमेऱ्यांचे फोटो

ताई,

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं आणि फोटो लहानही करतं. संग्रहासाठी ते घेऊच नका. ज्यांनी पाठवले त्यांच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा, तशी आली की तारीख शाबूत राहते. मूळ उरलंच नसेल तर वेगळा फोल्डर करा आणि अंदाजाने तारीख घालू नका.

फोनचे व्हिडिओ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात, फोटो स्थानिक वेळ. तेवढा फरक व्हिडिओंना वेगळा द्या. आयफोनच्या लाइव्ह फोटोंत मात्र फोटो आणि छोटा व्हिडिओ ही जोडी असते. दोघांना एकच नाव मिळालं पाहिजे, नाहीतर जोडी तुटते.

– माजी सचिव