दोन कॉलमच्या ओळी समोरासमोर आणायच्या असतील तर

पानाची मांडणी करताना शेजारच्या दोन कॉलमच्या ओळी जुळत नसतील तर व्हर्टिकल जस्टिफाय (मजकूर उभा ताणून चौकट भरणं) लावा, असं सुचवलं जातं. कृपया मुख्य मजकुराला ते लावू नका. त्याने कॉलम तळापर्यंत भरतो खरा, पण प्रत्येक कॉलममधलं ओळींचं अंतर वेगवेगळं ताणलं जातं आणि ओळी जुळायच्या त्या जुळत नाहीतच.

यावर खरा उपाय बेसलाइन ग्रिडचा, म्हणजे ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतरावरच्या अदृश्य आडव्या रेघांचा. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, ग्रिड्स इथे 'इन्क्रिमेंट एव्हरी'मध्ये मजकुराचं लीडिंगच (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) टाका आणि मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये (परिच्छेदाच्या साठवलेल्या मांडणीत) 'अलाइन टू ग्रिड : ऑल लाइन्स' निवडा. लीडिंग ग्रिडपेक्षा जरा जरी जास्त झालं, तर ओळ एक रेघ सोडून खालच्या रेघेवर बसते आणि पान विरळ दिसतं. देवनागरीत इथेच गडबड होते. 'वर्षीं'मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार, त्यावरच्या ओळीत 'राष्ट्रू'सारखं काही आलं की जागा लागतेच. १२ पॉइंटच्या मजकुराला मी १७ लीडिंग ठेवते, मग ग्रिडही १७चाच. स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही बेसलाइन ग्रिड आहे, तत्त्व तेच.

चौकटीतल्या मथळ्याचं मात्र वेगळं. तो चौकटीत उभा सेंटर करूनही वरखाली वाटला तर इनडिझाइनच्या टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये (कंट्रोल+बी) बेसलाइन ऑप्शन्स उघडा. तिथे पहिल्या ओळीच्या जागेसाठी (फर्स्ट बेसलाइन) 'असेंट' असेल, तर फॉन्टची वरची मोकळी जागाही मोजली जाते. 'फिक्स्ड' करून आकडा स्वतः द्या आणि डोळ्याला शिरोरेषा कुठे दिसते त्यावरून ठरवा.